तक्रारीचा अर्थ आणि ऐकणाऱ्याचे आसन : हॉथॉर्न कारखान्यातील मुलाखती, १९२८ ते १९५६

अधिकाऱ्याने आपल्या हाताखालील मनुष्याशी ठरावीक अंतराने एकान्तात बसून बोलावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि आपले त्याला सांगावे, ही प्रथा आज कारखान्यांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वत्र इष्ट मानली जाते. तिच्यासंबंधी लिहिणारे बहुतेक ग्रंथकार तिचा विचार एक कौशल्य म्हणून करतात. बैठक किती वेळ चालावी, आरंभ कोणी करावा, टिपणे कोणी ठेवावीत, अशा प्रश्नांची उत्तरे ते देतात. परंतु ही बैठक म्हणजे मुळात संभाषणाचा एक विशिष्ट प्रकार होय, आणि संभाषणाच्या प्रत्येक प्रकाराला इतिहास असतो. विषम दर्जाच्या दोन व्यक्ती समोरासमोर बसल्या असता प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाचा, विषय बदलण्याची मुभा कोणाला, मौन कोणाला परवडते आणि बोललेले शब्द अखेर कोणाच्या ताब्यात जातात, याविषयीचे संकेत एका दिवसात सिद्ध होत नाहीत. आधुनिक उद्योगधंद्यात हे संकेत कसे घडले, हे ज्या एका स्थळी अत्यंत बारकाईने नोंदले गेले, ते स्थळ म्हणजे अमेरिकेतील हॉथॉर्न कारखाना.

वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी अमेरिकन दूरध्वनी-व्यवसायाला लागणारी सामग्री तयार करीत असे. शिकागोलगत सिसेरो येथे असलेल्या तिच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२९ च्या सुमारास चाळीस हजारांच्या आसपास माणसे कामास होती. पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या कुटुंबांतील मुलेमुली त्यांत पुष्कळ होती. या कारखान्यात १९२४ पासून दिव्यांच्या प्रकाशाचा उत्पादनावर काय परिणाम होतो यासंबंधी प्रयोग चालले. त्यांतून निश्चित असे काहीच निष्पन्न झाले नाही, आणि एप्रिल १९२७ मध्ये रिले जुळविणाऱ्या मुलींची एक लहान तुकडी वेगळ्या खोलीत बसवून नवा प्रयोग आरंभण्यात आला. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, वेतनाची पद्धत यांत फेरबदल करीत उत्पादन मोजले जाऊ लागले. या प्रयोगांचा वृत्तान्त आणि त्यांच्या निष्कर्षांवरील वाद सर्वपरिचित आहेत. येथे त्यांतील एकच घटना प्रस्तुत आहे. जानेवारी १९२८ मध्ये या खोलीतील दोन मुलींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. त्यांच्यावरील आक्षेपांत, त्या काम करताना फार बोलतात, हा एक प्रमुख आक्षेप होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच कारखान्याने आपल्या माणसांना बोलते करण्याची योजना हाती घेतली. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील विसंगती डोळ्यांत भरते. परंतु ती वस्तुतः विसंगती नव्हे. जे बोलणे नको होते ते बरोबरीच्यांचे, आडव्या दिशेने जाणारे, कामाच्या बाकावर बसून केलेले बोलणे होते. जे हवे होते ते खालून वर जाणारे, बंद खोलीतले, दोघांपुरतेच बोलणे. एकान्ताची निवड ही प्रथमपासूनच केवळ सोयीची निवड नव्हती.

योजनेचा मूळ हेतू मर्यादित होता. पर्यवेक्षकांना शिक्षण द्यावयाचे तर त्यांच्या हाताखालील लोकांना काय आवडते, काय खुपते, हे ठाऊक असले पाहिजे, एवढाच विचार तीमागे होता. तपासणी विभागातील सुमारे १,६०० माणसांपासून आरंभ झाला. मुलाखती घेणारे कारखान्यातलेच होते. पुरुषांची मुलाखत पुरुषाने व स्त्रियांची स्त्रीने घ्यावी, असा सामान्य नियम ठेवला होता. सांगणाऱ्याचे नाव अहवालातून गाळले जाई. पर्यवेक्षण, कामाची परिस्थिती व प्रत्यक्ष काम या तीन विषयांवर आवडीनिवडी विचारावयाच्या, असे ठरलेले होते. प्रयोग यशस्वी वाटल्यामुळे फेब्रुवारी १९२९ मध्ये एक स्वतंत्र संशोधन-विभाग स्थापन झाला आणि मुलाखतींची व्याप्ती वाढत गेली. १९२८ मध्ये १,६००, १९२९ मध्ये १०,३०० व १९३० मध्ये ९,२२६ अशा एकूण २१,१२६ माणसांच्या मुलाखती घेण्यात आल्या. एका कारखान्यातील एवढ्या माणसांना एकेकटे बसवून त्यांचे म्हणणे लिहून घेण्याचा हा उद्योग केवळ विस्ताराच्या दृष्टीनेही असामान्य म्हटला पाहिजे.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट या संख्येत नाही. ती जुलै १९२९ मध्ये घेतलेल्या एका निर्णयात आहे. मुलाखत घेणाऱ्यांच्या ध्यानात येऊ लागले होते की, माणसे विचारलेल्या प्रश्नाला धरून राहत नाहीत. पर्यवेक्षकाविषयी विचारावे तर घरच्या आजारपणाची हकीकत सुरू होते. खोलीतील हवेविषयी विचारावे तर मागच्या वर्षी दुसऱ्यालाच मिळालेल्या बढतीची गोष्ट निघते. मुलाखत घेणारा त्यांना पुन्हा मूळ प्रश्नावर आणी, एखादे तुटक उत्तर मिळवी, आणि माणूस संधी मिळताच पुन्हा आपल्या वाटेने जाई. येथे दोन मार्ग होते. प्रश्न अधिक काटेकोर करणे हा पहिला आणि सामान्यतः कोणत्याही कचेरीने पत्करला असता असा मार्ग. दुसरा, प्रश्नच मागे घेणे. हॉथॉर्नच्या संशोधकांनी दुसरा पत्करला. यापुढे विषय बोलणाऱ्याने निवडावा, त्याला जोवर बोलावयाचे आहे तोवर मुलाखत घेणाऱ्याने विषय बदलू नये, असे ठरले. परिणाम तत्काळ दिसला. अर्ध्या तासात संपणारी मुलाखत सरासरीने दीड तास चालू लागली आणि अडीच पानांचा अहवाल दहा पानांपर्यंत गेला.

भाषेच्या अभ्यासकाला या फरकाचे मर्म सहज कळण्यासारखे आहे. प्रश्न हा केवळ माहितीची मागणी करीत नाही. उत्तराचा साचाही तोच ठरवितो. 'तुमचा पर्यवेक्षक तुम्हाला न्यायाने वागवितो का?' असे विचारताच जगाची विभागणी न्याय आणि अन्याय अशी होऊन जाते, आणि ज्याचे दुःख या दोहोंतही बसत नाही त्याला एक तर खोटे उत्तर द्यावे लागते किंवा गप्प बसावे लागते. विषम दर्जाच्या व्यक्तींत तर प्रश्न विचारणे हीच सत्तेची खूण असते. न्यायाधीश विचारतो, शिक्षक विचारतो, फौजदार विचारतो. प्रश्न मागे घेणे म्हणजे त्या बैठकीपुरती सत्तेची एक खूण काढून ठेवणे होते. 'मुलाखत' या शब्दाचा आपल्याकडील इतिहासही येथे आठवावा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ भेट असा आहे, आणि जुन्या मराठी पत्रव्यवहारातही तो भेटीच्याच अर्थाने येतो. एकाने प्रश्न विचारावयाचे व दुसऱ्याने उत्तरे द्यावयाची, हा अर्थ त्याला आधुनिक काळात चिकटला. १९२९ मध्ये हॉथॉर्नला जे घडले ते एका अर्थी मुलाखतीचे पुन्हा भेटीत रूपांतर होते.

या वळणावर एल्टन मेयो याचा प्रभाव मोठा होता. मेयो हा १८८० साली ॲडलेड येथे जन्मलेला ऑस्ट्रेलियन. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिस्बेन येथे युद्धाच्या मानसिक आघाताने पीडित झालेल्या सैनिकांवरील उपचारांत त्याने भाग घेतला होता. १९२६ पासून तो हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-विद्यालयात होता व १९२८ पासून हॉथॉर्नशी त्याचा संबंध आला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ झाने याच्या विचारांचा त्याच्यावर संस्कार होता. मुलांशी बोलताना प्रश्नावली बाजूला ठेवून मुलाच्याच बोलण्याचा धागा धरून पुढे जाण्याची जी पद्धत झां प्याजे याने वापरली होती, तिचाही हॉथॉर्नच्या मुलाखतीशी संबंध होता. मेयोचा सहकारी फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि कंपनीचा अधिकारी विल्यम डिक्सन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात मुलाखत घेणाऱ्यासाठी नियम दिले आहेत. त्यांचा आशय असा : सहानुभूतीने, पण चिकित्सक बुद्धी जागी ठेवून ऐकावे, अधिकार दाखवू नये, सल्ला वा उपदेश देऊ नये, वाद घालू नये, आणि स्वतः बोलावयाचे ते केवळ समोरच्याला बोलण्यास साह्य व्हावे, त्याची भीती जावी किंवा त्याने गृहीत धरलेल्या गोष्टी उघड व्हाव्यात एवढ्यासाठीच. मेयोने यांत आणखी एका गोष्टीवर भर दिला होता. माणसाला जे सांगावयाचे आहे ते तर ऐकावेच, परंतु त्याला जे सांगावयाचे नाही आणि मदतीवाचून जे सांगता येत नाही, तेही ऐकावे. यातील शेवटचा भाग सर्वांत कठीण होय, कारण मदत कोठे संपते आणि दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे कोठे सुरू होते, याची रेषा कोणताही नियम आखून देऊ शकत नाही.

दहा-दहा पानांचे हजारो अहवाल जमले, तेव्हा त्यांचा अर्थ लावण्याचा प्रश्न उभा राहिला. रोथलिसबर्गर व डिक्सन यांनी या ठिकाणी तक्रारींचे जे पृथक्करण केले, ते अर्थविचाराच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. त्यांनी तक्रारींचे तीन वर्ग मानले. दाराची मूठ मोडली आहे, ही तक्रार पहिल्या वर्गातली. तिच्यातील शब्द डोळ्यांनी दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या वस्तूंकडे निर्देश करतात, आणि तक्रार खरी की खोटी हे कोणीही जाऊन पाहू शकतो. खोली फार गरम आहे, काम घाणेरडे आहे, या तक्रारी दुसऱ्या वर्गातल्या. त्यांत इंद्रियांचा अनुभव आहे, परंतु त्याचे माप बोलणाऱ्याच्या शरीरात व सवयीत आहे. उष्णतामापक यंत्र वाद मिटवू शकत नाही. मजुरीचे दर कमी आहेत, येथे कर्तबगारीला किंमत नाही, या तक्रारी तिसऱ्या वर्गातल्या. त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या आशाआकांक्षा, त्याचे पूर्वायुष्य आणि समाजातील त्याचे स्थान हे कळल्याशिवाय लागतच नाही. याचे एक उदाहरण या लेखकांनी दिले आहे. दर कमी असल्याची तक्रार करणाऱ्या एका कामगाराला बोलू दिल्यावर असे दिसून आले की, त्याच्या पत्नीच्या आजारपणामुळे दवाखान्याच्या बिलांची चिंता त्याला पोखरीत होती. शब्द दरासंबंधी होते, भार दुसरीकडचा होता.

आपल्या भाषेत या विवेचनाला एक चमत्कारिक दुजोरा मिळतो. 'तक्रार' हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ पुनरावृत्ती असा आहे. तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, यापासून वाद व गाऱ्हाणे हा अर्थ पुढे निघाला. 'फिर्याद' हा फारसी शब्द मुळात आर्त हाक सुचवितो. दोन्ही शब्द सांगितलेल्या गोष्टीपेक्षा सांगण्याच्या क्रियेकडे बोट दाखवितात. ज्याला आपले म्हणणे पोचले असे वाटत नाही तो ते पुन्हा सांगतो, आणि पुन्हा सांगताना बहुधा ज्या शब्दांना मान मिळतो असे शब्द निवडतो. कारखान्यात 'मला भीती वाटते' या शब्दांना मान नाही, 'दर कमी आहे' या शब्दांना आहे.

येथपर्यंत हे विवेचन निर्दोष वाटते. परंतु त्यात एक धोका दडलेला आहे, आणि हॉथॉर्नच्या संशोधकांना तो पूर्णपणे टाळता आला, असे म्हणता येत नाही. तक्रारीमागील भावना शोधण्याची सवय लागली म्हणजे तक्रारीतील वस्तुस्थिती पाहण्याची गरज भासेनाशी होते. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचे दर खरोखरच कमी असू शकतात. किंबहुना दवाखान्याचे बिल भागत नाही, हाच दर कमी असल्याचा त्याच्यापुरता पुरावा होय. तिसऱ्या वर्गातील तक्रार पहिल्या वर्गातीलही असू शकते, ही शक्यता त्या पृथक्करणात दुबळी राहते. या संदर्भात एक प्रसिद्ध हकीकत आहे. एका स्त्रीने कारखान्याच्या उपाहारगृहातील अन्नाविषयी मुलाखतीत कडक शब्दांत तक्रार केली. काही दिवसांनी मुलाखत घेणाऱ्या बाईची भेट होताच तिने अन्न सुधारल्याबद्दल आभार मानले. प्रत्यक्षात उपाहारगृहात काहीच बदल झाला नव्हता. ही हकीकत बोलण्याने मन हलके होते याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थ असाही आहे की, उपाहारगृह जसेच्या तसे राहिले.

कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तेव्हा सांगणाऱ्याचे मन हलके होतेच. तथापि गाऱ्हाण्याला गाऱ्हाणे हे रूप येते ते ऐकणाऱ्याच्या ठिकाणी काही करण्याचे सामर्थ्य आहे या श्रद्धेमुळे. हॉथॉर्नच्या मुलाखतीत ऐकणाऱ्याकडून हे सामर्थ्य बुद्ध्या काढून घेतले होते. माणूस निर्भयपणे बोलावा म्हणून ऐकणारा अधिकारहीन केला, आणि तो अधिकारहीन असल्यामुळे बोलण्यातून थेट काही घडण्याची वाट बंद झाली. श्रवण आणि अधिकार यांची ही फारकत पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

याच सुमारास, १९२९ ते १९३१ या काळात, भारतात व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोग काम करीत होता. हॉथॉर्नशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु मुंबईच्या गिरण्यांत त्याला दिसलेला प्रश्न त्याच जातीचा होता, आणि तेथे तो अधिक उघड्या स्वरूपात होता. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेला मराठी कामगार आणि बहुधा वेगळी भाषा बोलणारा गिरणीचा व्यवस्थापक यांच्यामध्ये जॉबर उभा असे. स्त्रियांच्या खात्यांत नाईकीण. कामावर घेणे, काढणे, रजा, दंड, बदली हे सारे त्याच्या हातून जाई, आणि म्हणून कामगाराचे प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडून वर जाई. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच दुभाषी, अशी ही रचना होती. तिच्या पोटात दस्तुरी व लाचलुचपत वाढल्यास नवल नाही. आयोगाने जॉबरचे नेमणुकीचे व बडतर्फीचे अधिकार काढून ते मजूर अधिकाऱ्याकडे द्यावेत, आणि हा अधिकारी गिरणीच्या मुख्य व्यवस्थापकाखेरीज इतर कोणाच्याही ताब्यात नसावा, अशी शिफारस केली. या अधिकाऱ्याच्या अंगी असावयाच्या गुणांत सचोटी, माणसे ओळखण्याची हातोटी यांच्याबरोबर आयोगाने भाषाप्रभुत्वाचाही उल्लेख केला आहे. ही नोंद महत्त्वाची आहे. हॉथॉर्नच्या मोठ्या ग्रंथात ऐकण्याच्या पद्धतीविषयी प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, परंतु ज्या घरांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाई त्या घरांतून आलेल्या मुलींच्या भाषेचा प्रश्न त्यात ठळकपणे येत नाही. मुंबईत तो टाळणे शक्यच नव्हते. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी मजूर अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले, आणि पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली. मुंबईच्या रचनेत ऐकणाऱ्याकडे निदान काही अधिकार होता, हा तिचा विशेष. तो मालकाच्याच पगारावर होता, ही तिची मर्यादा.

हॉथॉर्न येथे १९३१ पर्यंत मंदीचे सावट गडद झाले होते. कामगार हजारोंनी कमी होत होते आणि मुलाखतींची मोठी योजना थांबविण्यात आली. तत्पूर्वी तिच्यात एक बदल झाला होता. प्रत्येकाची एकदाच मुलाखत घेण्याऐवजी एका मुलाखतकाराने एका गटातील माणसांना वारंवार भेटावे, असा प्रयोग सुरू झाला होता. ठरावीक अंतराने होणाऱ्या आजच्या बैठकीचे हे पूर्वरूप म्हणता येईल. या वारंवारतेमुळेच एक नवी गोष्ट दृष्टीस पडली. एकेकटी बोलणारी माणसे निरनिराळ्या शब्दांत एकाच मर्यादेपाशी येऊन थांबत होती. ती मर्यादा काय आहे हे पाहण्यासाठी नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात चौदा पुरुषांच्या एका तुकडीचे निरीक्षण करण्यात आले. दूरध्वनीच्या बँक नावाच्या भागांना तारा जोडण्याचे काम ते करीत. एक निरीक्षक त्यांच्या खोलीत बसे आणि मुलाखत घेणारा खोलीबाहेर राहून एकेकास भेटे.

या खोलीत जे आढळले त्याने एकान्त-मुलाखतीच्या पद्धतीला तिची सीमा दाखविली. दिवसाचे योग्य काम किती, हे त्या माणसांनी आपसांत ठरविलेले होते. सुमारे ६,६०० जोड झाले म्हणजे पुरे, असा संकेत होता. त्याहून अधिक करणारा दर पाडणारा ठरे, फार कमी करणारा फसव्या ठरे, आणि सोबत्याला बाधेल अशी गोष्ट पर्यवेक्षकाला सांगणारा चहाडखोर. या तिन्हींसाठी त्यांच्या बोलीत झणझणीत शब्द होते आणि नियम मोडणाऱ्याच्या दंडावर ठोसा मारण्याची रीतही होती. यांतील तिसरा नियम सरळसरळ बोलण्यासंबंधीचा आहे. बंद खोलीत अधिकाऱ्यापुढे एकटा बसलेला माणूस खरोखर एकटा नसतो. काय सांगावयाचे आणि काय नाही, याचा कायदा तो बाहेरून बरोबर घेऊन येतो. मुलाखत घेणारा कितीही सहृदय असला तरी हा कायदा मोडण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे नसते. कारण मुलाखत संपल्यावर त्या माणसाला परत त्याच बाकावर जाऊन बसावयाचे असते. ज्यांना हे लक्षात येत नाही त्यांना हाताखालील मनुष्याचे मौन म्हणजे आडमुठेपणा वाटतो. ते बहुधा निष्ठेचे मौन असते.

मंदी ओसरू लागल्यावर १९३६ मध्ये ही परंपरा नव्या नावाने सुरू झाली. आता मुलाखत घेणाऱ्यास सल्लागार म्हटले जाऊ लागले. प्रत्येक सल्लागाराकडे सुमारे तीनशे माणसे सोपविलेली असत. तो त्यांच्यात वावरे, त्यांच्याशी बोले, परंतु त्यांच्याविषयी पर्यवेक्षकाला काही सांगत नसे आणि कोणताही निर्णय घेत नसे. सल्ला देण्याची त्याला मनाई होती, आणि तरीही त्याला सल्लागार म्हणत! आपल्याकडे पुढे रूढ झालेल्या 'समुपदेशक' या शब्दात तर उपदेशच ठाण मांडून बसला आहे. १९४८ च्या सुमारास अशा सल्लागारांची संख्या पन्नासच्या घरात गेली होती.

या उपक्रमावर टीका करणाऱ्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. स्वतः कामगार-व्यवस्थापनाचा अनुभव असलेल्या मेरी गिल्सन यांनी १९४० साली मोठ्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यात कामगार संघटनांविषयी असलेल्या मौनाकडे लक्ष वेधले. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगाराला संघटनेद्वारा सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क दिला होता. त्याच्या दुसऱ्याच वर्षी कंपनीने एकेकट्याचे ऐकणारी माणसे नेमावीत, हा योगायोग टीकाकारांना निष्पाप वाटला नाही. विलेन्स्की दांपत्याने १९५१ साली या सल्लागार-योजनेची समाजशास्त्रीय चिकित्सा केली. तक्रारीची वाफ सुरक्षित मार्गाने काढून देणे आणि कामगाराला त्याच्या परिस्थितीशी जुळवून घ्यावयास लावणे, हे कार्य ती योजना करीत होती, असे तिचे तात्पर्य. या टीकेत अतिशयोक्ती असेल, परंतु योजनेच्या रचनेतच तिला आधार होता. ज्या श्रोत्याला काही करता येत नाही त्याच्याकडून दुसरे कोणते कार्य होणार? मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, तेव्हा त्यातील मागण्यांमागे कोणाची कोणती कौटुंबिक व्यथा आहे, हे शोधण्याची सोय वाचणाऱ्याला नव्हती. सामुदायिक अर्जात व्यक्ती लोपते, पण वस्तुस्थिती निसटत नाही. एकान्तात व्यक्ती उमलते आणि वस्तुस्थिती तिच्या चरित्रात विरघळून जाते. १९५६ मध्ये हॉथॉर्नची सल्लागार-योजना बंद करण्यात आली.

यानंतरच्या काळात श्रवण आणि अधिकार एकाच आसनावर बसविण्याचे प्रयत्न झाले. वरिष्ठाने वर्षातून एकदा कनिष्ठाला बोलावून त्याच्या कामाचे मूल्यमापन त्याला ऐकवावे, ही पद्धत अमेरिकन कंपन्यांत पसरली. तेव्हा असे दिसू लागले की, हे काम अधिकाऱ्यांनाच नकोसे होते. डग्लस मॅग्रेगर याने १९५७ साली त्याचे कारण सांगितले. दुसऱ्या माणसाच्या योग्यतेचा निवाडा त्याच्या तोंडावर करणे म्हणजे परमेश्वराचे सोंग घेणे होय, आणि सभ्य माणसाला ते साधत नाही. नॉर्मन मायर याने १९५८ साली अशा मुलाखतींचे तीन प्रकार केले : आपला निवाडा सांगून तो गळी उतरविणे, निवाडा सांगून समोरच्याचे ऐकणे, आणि निवाडा बाजूला ठेवून कामातील अडचण दोघांनी मिळून सोडविणे. पहिल्या प्रकारातील अधिकारी न्यायाधीश असतो आणि तिसऱ्यातील साह्यकर्ता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झालेल्या संशोधनाचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष याहून रोखठोक होता. टीकेने काम सुधारत नाही, उलट बिघडते; स्तुतीने फारसा फरक पडत नाही; आणि पगारवाढीचा निवाडा व कामातील साह्य या गोष्टी एकाच बैठकीत होऊ शकत नाहीत. आसन एकच ठेवावयाचे तर निदान दिवस तरी वेगळे ठेवावे लागतात.

अँड्र्यू ग्रोव्ह याने इंटेल कंपनीतील अनुभवावरून १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात दोघांच्या बैठकीला आज परिचित असलेले स्वरूप दिले. हॉथॉर्न कारखाना बंद झाला तोही याच वर्षी. ग्रोव्ह हा अभियंता होता आणि मानसोपचाराच्या परंपरेशी त्याला कर्तव्य नव्हते. तरीही त्याची पहिली अट १९२९ च्या निर्णयाची आठवण करून देते. ही बैठक कनिष्ठाची आहे असे मानावे आणि विषयपत्रिका त्यानेच तयार करावी. बैठक निदान तासभर चालावी, कारण कमी वेळ असेल तर माणूस लवकर निपटणाऱ्या किरकोळ गोष्टीच बाहेर काढतो. ती शक्यतो कनिष्ठाच्या कामाच्या जागी किंवा तिच्याजवळ व्हावी. मात्र हॉथॉर्नने मागे घेतलेला प्रश्न ग्रोव्हने एका जागी परत आणला. कनिष्ठाला जे सांगावयाचे होते ते सांगून झाले असे वाटले म्हणजे वरिष्ठाने आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तळ लागेपर्यंत विचारीत राहावे. हा प्रश्न विषय ठरविणारा नाही. दुसऱ्याने ठरविलेल्या विषयात खोल जाणारा आहे. आणखी एक फरक त्याने केला. हॉथॉर्नच्या खोलीत लेखणी एकाच्याच हाती होती. लिहिणारा मुलाखतकार होता, आणि बोलणाऱ्याचे शब्द वर्गीकरणासाठी दुसऱ्या खोलीत जात. ग्रोव्हच्या बैठकीत विषयपत्रिकेची प्रत दोघांपुढे असते आणि टिपणे दोघेही ठेवतात. जे करावयाचे ठरले ते लिहून घेणे म्हणजे ते करण्याचा शब्द देणे, असे तो मानतो.